एक सेंटीमीटर बरोबर एक खोड

झुलाल गुरुजींवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे मी त्यांचं कौतुक केलं, तर ते नाइलाजाने केलंय असं समजावं.

अकरा वर्षं आम्ही एका शाळेत आहोत. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, एकतीस मुलं आणि आम्ही दोघं. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. गाव सावद्याकडचं, त्यामुळे चारी बाजूंनी केळी. मी जामनेरची, तोंडाने फटकळ. गुरुजी धुळे जिल्ह्यातले, नरडाण्याजवळच्या खेड्यातले, आणि त्यांना एक वाक्य बोलायला दोन वेळा घसा साफ करावा लागतो. नोकरी लागली तेव्हा जळगाव जिल्हा मिळाला. “वर्ष-दोन वर्षांत बदली करून घेऊ,” म्हणत आले, त्याला आता अठरा वर्षं झाली. तेव्हापासून याच शाळेत आहेत, कारण आमचं गाव बदलीत कुणी मागत नाही आणि त्यांना हलवायचं कुणाला सुचलं नाही.

बायको कोकिळावहिनी तिकडे, म्हातारी आई शेवंताबाई तिकडे, दोन एकर कोरडवाहू तिकडे. हे इथे भाड्याच्या खोलीत खिचडी टाकून खाणार. शनिवारी दुपारी शाळा सुटली की पिशवी घेऊन स्टेशनवर, सोमवारी सकाळी चुरगळलेल्या शर्टात हजर. त्यांच्या वर्गातल्या पोरांना राज्यातले जिल्हे एकवेळ येणार नाहीत, पण पाळधी, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा ही स्टेशनं झोपेत विचारा, सांगतील. मी म्हणायची, “गुरुजी, हा भूगोल आहे की तुमचं टाइमटेबल?” त्यावर ते घसा साफ करायचे.

शिकवायची पद्धत सगळी अशीच घरगुती. पुस्तकात लिहिलंय, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. आमची शाळा भरते साडेदहाला, तेव्हा सूर्य डोक्यावर यायला निघालेला. मग गुरुजींनी ठरवून टाकलं, नर्मदाबाईंची चूल म्हणजे पूर्व आणि त्यांची स्वतःची मोटारसायकल म्हणजे पश्चिम. नर्मदाबाई आमच्याकडे मुलांची खिचडी शिजवतात. त्यांची चूल बिचारी जागची हलत नाही. पण एकदा गुरुजींनी मोटारसायकल चिंचेखाली लावली, तर अर्ध्या वर्गाची पश्चिम तिकडे गेली. ती परत आणायला आठवडा लागला.

इतिहासाचं त्याहून न्यारं. तिसरीच्या पोराला “फार फार वर्षांपूर्वी” म्हणजे काय ते सांगा बरं. त्यांना परवाचा पोळा आणि आदिमानव सारखेच लांब वाटतात. गुरुजींनी पहिल्याच वर्षी एक शंभर हात दोर आणला. एक टोक व्हरांड्याच्या खांबाला बांधलं, ते “आज”. मग एक गाठ, ती तुमचा जन्म. पुढे आईचा जन्म, आजीचं लग्न, गावात वीज आली, रेल्वे आली, मग राजे, किल्ले, मग नांगर, चाक, अग्नी, आणि दोराच्या पार दुसऱ्या टोकाला आदिमानव. ते टोक मैदानाच्या कडेच्या हातपंपाला बांधायचं. पोरं दोर धरून चालत जायची आणि आदिमानवाला भेटून, पाणी पिऊन परत यायची. प्रमाणाचं विचारू नका. गुरुजींच्या दोरावर अग्नी आणि आगगाडी यांत तीस हातांचं अंतर होतं. पण पोरांना कळायचं हो. माझ्या दुसरीतली पोरं खिडकीतून माना लांब करून बघायची, आणि माझे पाढे वाऱ्यावर.

आता या मैदानाला लागून बाग आहे कुंदनभाऊंची. कुंदनभाऊ म्हणजे गावातले मोठे केळीवाले आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. समितीत बसायचं तर पालक असावं लागतं. त्यांची दोन मोठी मुलं सावद्याला इंग्रजी शाळेत व्हॅनने जातात. धाकटी डिंपल मात्र त्यांनी आमच्याकडे घातली, अध्यक्षपदासाठी. पोरीला कुणी विचारलं नव्हतं, पण तिचं बरं झालं असं माझं मत आहे.

कुंदनभाऊंची बाग दर लावणीला थोडी पुढे यायची. जून-जुलैत मृगबाग लावली की एक ओळ, दिवाळीआधी कांदेबाग, म्हणजे केळीचीच दुसरी लावण, लावली की पुढच्या खेपेला आणखी एक. कुंपणाची तार पण मागोमाग सरकायची, आणि तारेबरोबर मैदान आखूड व्हायचं. खो-खोचा एक खांब आधी आत गेला. मग हातपंप गेला. पोरांनी तार वाकवून एक भोक केलं आणि त्यातून वाकून पाण्याला जायला लागली. नर्मदाबाई खिचडीच्या पाण्याची घागर त्याच भोकातून ओढायच्या, पाटल्या तारेला घासत.

आणि गुरुजी काय करत होते? दोर आखूड करत होते! दरवर्षी दोर तारेपाशी संपला की उरलेला वेटोळं करून ठेवायचे आणि तेवढा इतिहास वगळायचे. एका वर्षी आदिमानव गेला. मग अग्नी गेला. चाकावर फार वाद झाला नाही. यंदा दोर नांगरापाशी संपला, पलीकडे पंचवीस-तीस हात वेटोळं. मला दिसत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, मला पहिली-दुसरी, त्यांना इतिहासच नाही. आपल्याला काय करायचंय.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गुरुजींचं नाव आंतरजिल्हा बदलीच्या यादीत आलं. अठरा वर्षांनी! गृहस्थ स्टाफरूममध्ये, म्हणजे आमच्या कपाटामागच्या दोन खुर्च्यांवर, मोबाइल धरून बसले होते आणि यादी पुन्हा पुन्हा वर-खाली करत होते. मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही वाचा. माझं वाचून झालंय, पण विश्वास बसत नाही.” मी वाचलं. नाव होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगीच ओरडले, “पेढे कुठेत?” त्याच शनिवारी त्यांच्या आईंनी घराची पुढची खोली सारवून घेतली म्हणे. आता राहिला होता फक्त कार्यमुक्तीचा कागद, आणि त्या कागदाआधी एक शेरा लागतो, की या शिक्षकाविरुद्ध गावाची तक्रार नाही. अठरा वर्षांत या माणसाने कुणाच्या अंगावर खडूसुद्धा टाकला नव्हता. तक्रार कोण करणार?

आणि बरोबर त्याच महिन्यात चौथीतल्या डिंपलने दोराच्या वेटोळ्याजवळ उभं राहून विचारलं, “गुरुजी, याच्यात काय आहे?”

“त्याच्यात चाक आहे, अग्नी आहे, आदिमानव आहे,” गुरुजी म्हणाले.

“मग त्यांना गुंडाळून कायले ठेवलं?”

“जागा नाही, बेटा.”

“जागा कुठी गेली?”

आता इथे गुरुजींनी गप्प बसायचं की नाही? पण त्यांना एक खोड आहे. पोराने काहीही विचारलं की ते उत्तर देत नाहीत, “शोधा” म्हणतात. वीस वेळा पाहिलंय मी. तोंडातून निघून गेलं, “शोधा!”

झालं. चौथीला तेव्हा नकाशाचा धडा चालू होता, दिशा, सूची, प्रमाण वगैरे. गुरुजींनी म्हटलं, मैदानाचा नकाशा काढू. पोरं पावलांनी मोजायला लागली. सुयशची पावलं लांब, लहान पोरांची आखूड; मैदान कुणाचं नव्वद पावलं, कुणाचं एकशे चाळीस. भांडणं लागली, एक पोरगा रडला. शाळेची मोजपट्टी तीस सेंटीमीटरची, आणि तिचे पहिले दोन सेंटीमीटर उंदराने खाल्लेले. तेव्हा डिंपल म्हणाली, “गुरुजी, पावलं कायले मोजता? खोडं मोजा ना. एका खोडापासून दुसरं पाच फुटांवर असते. पप्पा दोरी लावून लावतात.”

आमच्या भागात अंतर असंच सांगतात. घर किती लांब, तर पन्नास खोडं. विहीर किती खोल, तेवढं एक फुटात सांगतात. गुरुजी खूश! त्यांना वाटलं पोरीने प्रमाण शोधून काढलं. पाच दिवस पोरं तारेच्या कडेने आणि भोकातून आत जाऊन खोडं मोजत होती. जिथे खोड नव्हतं तिथे पाच फुटांच्या दोरीने कल्पनेतली खोडं लावत गेली. नर्मदाबाईंना विचारलं, तर त्या पळी हातात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मी लगीन होऊन आली तवापासून पंप मैदानातच व्हता. पंपाच्या पल्याड धा पावलं बांध व्हता. हे कोणाले म्हाईत नाही?” मग पोरांनी घरोघर विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी अगदी बांधावरच्या बाभळीसकट सांगितलं, आणि शेवटी “आमचं नाव नका सांगू” हेही सांगितलं. पोरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

नकाशा मोठ्या ड्रॉइंग पेपरवर झाला. सुबक, रंगीत. जुन्या मैदानाची तुटक रेघ, नव्या तारेची सरळ रेघ, आणि दोन्हींच्या मध्ये हिरव्या गोळ्यांच्या बारा ओळी. एका ओळीत पंचवीस गोळे. हातपंप आठव्या ओळीपलीकडे, केळीत. खाली मोठ्या अक्षरात, प्रमाण : १ से.मी. = १ खोड. आणि सूचीत, हिरवा गोळा = डिंपलच्या पप्पांची केळी. हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. तिला अभिमान वाटत होता. वर्गात दुसऱ्या कुणाच्या पप्पांचं नकाशात नाव आलंय?

मीटरमध्ये लिहिलं असतं ना, तर गावात एकालाही काही कळलं नसतं. अठरा मीटर म्हटल्यावर माणसं मान डोलावून चहाला गेली असती. पण खोडं! जो पालक वर्गात आला तो नकाशापुढे उभा राहिला आणि मनातल्या मनात बारा गुणिले पंचवीस करून तीनशे म्हणाला. पारावर दुसऱ्याच दिवशी कुंदनभाऊंना कुणीतरी विचारलं, “काय भो, शाळेतली तीनशे कशी आहेत? घड धरला का?”

कुंदनभाऊ शाळेत आले. माणूस चांगला आहे हं, मी वाईट नाही म्हणत. पंधरा ऑगस्टला खाऊ त्यांचाच असतो. गुरुजींपुढे खुर्ची ओढून बसले, नकाशाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “गुरुजी, पोरीचं अक्षर मस्त केलं तुम्ही.”

“मेहनत तिचीच आहे,” गुरुजी म्हणाले.

“हौ ना. आता पुढच्या गुरुवारी तालुक्याचे साहेब येऊन राहिले मूल्यांकनाले. त्यांच्यासमोर हे असं बरं नाही दिसत. मी काय म्हणतो, हातपंप तेवढा अलीकडे घ्या.”

गुरुजींना कळेना. “पंप अलीकडे कसा घेऊ, भाऊ? जमिनीत पाइप आहे.”

“अहो, नकाशात घ्या! कागदावरच तं आहे. इकडे झेंड्याजवळ एक पंप काढून टाका, तारेच्या पल्याड नुसता हिरवा रंग मारा, अन् ते खोडाचं प्रमाण खोडून टाका.” मग त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर उघडून ठेवला. टाइप केलेला तक्रार अर्ज होता. सदर शिक्षक अध्यापन सोडून लहान बालकांना केळीच्या बागेत फिरवतात, सापकिरडूचा धोका, पिकाचं नुकसान, तरी चौकशी होईपर्यंत त्यांना कार्यमुक्त करू नये. तारखेची जागा मोकळी होती. “हे मी देऊन राहिलो असं नाही,” कुंदनभाऊ म्हणाले. “तुम्ही आपलं मानूस. तुमच्या बदलीचे पेढे मीच वाटणार आहे. हे आपलं असंच, खिशात असू द्या म्हटलं.” कागद घडी करून परत खिशात गेला.

ते गेल्यावर गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय सांगितलं, ते लपवणार नाही. मी म्हटलं, “घ्या पंप अलीकडे. अठरा वर्षं तिकडे तुमची आई वाट बघतेय आणि तुम्ही इथे एका हातपंपासाठी बसणार? साहेब येतील, चहा पितील, जातील. मग तुम्ही जा घरी. गाव आपलं बघून घेईल.” माझी चांगली स्केचपेनं होती, चोवीस रंगांची, तीही काढून दिली.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी नवा नकाशा काढला. स्वतः. मुलांचा नकाशा भिंतीवरून उतरवला, नीट गुंडाळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डिंपलच्या हातात देऊन म्हणाले, “हा जपून ठेव, उद्या लावू.” डिंपलने नव्या नकाशाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि काही न विचारता गुंडाळी दप्तरात घातली. ही पोरगी काही विचारत नाही, याचीच खरं तर मला भीती वाटायला हवी होती.

साहेब बारा वाजता आले. सोबत कुंदनभाऊ, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. साहेबांनी शौचालय पाहिलं, नर्मदाबाईंची खिचडी चाखली, माझ्या वर्गातल्या पोरीला सात सक विचारून मलाच घाम फोडला, आणि गुरुजींच्या वर्गात गेले. मीही मागून दाराशी उभी राहिले. समोरच नकाशा. झेंड्याचा खांब, त्याच्या शेजारी निळाशार हातपंप, मैदानाची चौकट, पलीकडे हिरवागार रंग. प्रमाण मीटरमध्ये.

“वा!” साहेब म्हणाले. “फारच सुंदर. नकाशावाचन येतं का मुलांना?” आणि नेमकं पुढे बसलेल्या डिंपलला उठवलं. “सांग बेटा, तुम्ही पाणी कुठे पिता? बोट ठेव.”

डिंपल गेली आणि तिने हिरव्या रंगावर बोट ठेवलं. “आठी, इथं.”

साहेब हसले. “नीट बघ. हातपंप कुठे दिसतो?”

“नकाशात तिथं आहे,” डिंपल म्हणाली. “पाणी इथं येतं.”

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. कुंदनभाऊ म्हणाले, “लहान आहे साहेब, गोंधळली.” साहेबांनी आणखी एक प्रश्न विचारायला नको होता, पण विचारला. “हा नकाशा तुम्ही मुलांनीच काढला ना?”

“नाही. हा गुरुजींनी काढेल आहे. आमचा दप्तरात आहे.” आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती एक पाऊल पुढे झाली आणि साहेबांना समजावणीच्या सुरात म्हणाली, “पण साहेब, तुम्ही गुरुजींना रागावू नका. त्यांना घरी जायचं आहे ना, म्हणून तसा काढला. त्यांची आई म्हातारी झाली. पप्पा म्हणत होते घरी, की ते काढतीन बरोबर. एकच दिवसासाठी आहे तो.”

कुंदनभाऊंचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. पण साहेब तयार माणूस! पंचवीस वर्षं शाळा तपासल्या, त्यांना काय ऐकावं आणि काय ऐकू नये हे पाठ आहे. ते मोठ्याने म्हणाले, “छान, छान, धीट आहे मुलगी,” आणि घड्याळ बघून वळले. प्रकरण तिथेच मिटलं होतं, बरं का. देवाशपथ मिटलं होतं. दारापर्यंत आले होते साहेब.

तेवढ्यात मागे चर्र असा आवाज झाला. गुरुजींनी भिंतीवरचा नकाशा ओढून काढला होता. त्याचे दोन तुकडे त्यांच्या हातात होते. त्यांनी डिंपलच्या दप्तरातून गुंडाळी काढली, फळ्यावर धरली, आणि अठरा वर्षांत प्रथमच घसा साफ न करता बोलले. शाळेची भाषासुद्धा विसरले, घरच्या अहिराणीवर आले; तिच्यात ‘शे’ म्हणजे आहे आणि ‘बठ्ठा’ म्हणजे सगळा. “साहेब, खरा नकाशा हाऊ शे. पोरेस्नी काढेल शे. बठ्ठा खरा शे. तो माले भीती वाटनी म्हनीसन मी काढेल व्हता.”

साहेबांनी नकाशा पाहिला. बारा ओळी पाहिल्या, प्रमाण वाचलं, सूची वाचली. “खोड म्हणजे?” त्यांनी विचारलं. एकतीसच्या एकतीस पोरं, माझी पहिली-दुसरीसुद्धा दारातून ओरडली, “पाच फूट!”

अहवाल दोन आठवड्यांनी आला. त्यात लिहिलं होतं : विद्यार्थ्यांचे नकाशावाचन समाधानकारक. तथापि शाळेत एकाच मैदानाचे दोन नकाशे आढळून आले, शिक्षकांनी त्यांत एकवाक्यता आणावी. प्रमाणासाठी स्थानिक पिकाचा वापर टाळावा. मैदानाबद्दल एक अक्षर नाही. कुंदनभाऊंच्या अर्जावर मात्र तारीख पडली आणि गुरुजींची कार्यमुक्ती चौकशीअंती करावी असा आदेश निघाला. चौकशीला एक समिती नेमली आहे. समिती अजून भेटलेली नाही.

नंतर आणखी एक गंमत झाली. डिंपल घरी रोज जेवताना विचारायची म्हणे, “पप्पा, जागा कुठी गेली?” एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिनाभर. शेवटी बारापैकी चार ओळींचे घड उतरले, तेव्हा कुंदनभाऊंनी तिथे पुन्हा लावणी केली नाही. ती जमीन नांगरली, सपाट केली आणि समारंभ करून शाळेला दान दिली! मंडप, फेटे, त्यांचा हात जोडलेला फोटो असलेला बॅनर, “क्रीडांगणासाठी भूमिदान”. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. जुन्या बांधावरची बाभूळ ज्यांना आठवत होती तेही. हातपंप अजून केळीतच आहे. सूत्रसंचालन झुलाल गुरुजींनी केलं, आणि दात्यांचे आभार मानताना त्यांचा घसा तीन वेळा साफ झाला.

त्या संध्याकाळी मंडप उतरत होता, आणि व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. महिनाभर साठवून ठेवलेलं होतं, सगळं बाहेर काढलं. म्हटलं, “अहो, पोरगी बोलली ते बोलली. साहेबांनी कानावर घेतलं नव्हतं. ते निघाले होते! दोन मिनिटं हात बांधून उभे राहिला असतात तर आज घरी असता. वहिनींना काय सांगितलंत? आईंना काय सांगितलंत? आणि मिळालं काय, चार ओळी! त्याही दान म्हणून! कशाला उठलात हो तुम्ही?”

गुरुजी चपलेच्या अंगठ्याकडे बघत हळू म्हणाले, “मॅडम, तिनी माले खोटा म्हतं असतं ना, ते मी गुपचूप हुबा ऱ्हातू. खोटा तर मी व्हतूच. घर निंघी जातू. पन तिनी माले माफ करी टाकं. नऊ वरीसनी पोर, बठ्ठास्ना समोर, गुरुजीले घर जानं शे म्हनीसन माफ करी टाकं.” त्यांनी डोळे पुसले. “ते माले सहन व्हयनं नई.”

मला रडू आलं, आणि त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढला.